जर्मनीला शिकायला निघालाय? आधी पत्ता, मग मसाला

मी ड्रेस्डेनला मास्टर्स केलं आणि आता तिथंच नोकरी करते. ऑगस्ट उजाडला की कोल्हापूरच्या राजारामपुरीतून, कळंब्यातून, कागलकडून फोन सुरू होतात: "ताई, पोरगं चाललंय, बरोबर काय काय देऊ?" बॅगेचं सांगतेच. पण आधी खोलीचं बघा, कारण तिथं बाकी सगळी कामं राहत्या पत्त्यावर अडकलेली असतात.

खोलीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत शहराच्या कार्यालयात नाव नोंदवायचं. याला आनमेल्डुंग म्हणतात. पासपोर्टबरोबर घरमालकानं सही केलेला राहण्याचा दाखला लागतो, नुसत्या भाडेकरारावर भागत नाही. खोली ठरवतानाच विचारा, "दाखला देणार का?" नाही म्हणाला तर ती खोली स्वस्त असली तरी सोडा. जिथं राहत नाही तिथला पत्ता लावून देतो म्हणणारेही भेटतात. त्या भानगडीत पडू नका, दंड बसतो.

नोंदणी झाली की टॅक्स नंबर टपालानं येतो, रेसिडेन्स परमिटचा अर्ज पुढं सरकतो, बँकेचं काम होतं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यात, घरच्यांनी ११,९०४ युरो भरलेले असतात, पण हातात येतात महिन्याला ९९२, आणि तेही तिथलं खातं चालू झाल्यावर. तोवर भाडं, डिपॉझिट आणि जेवण भागेल एवढी रक्कम फॉरेक्स कार्डवर वेगळी ठेवा. नोंदणीची अपॉइंटमेंट निघण्याआधी कोल्हापुरातूनच ऑनलाइन घ्या. ऑक्टोबरात सगळे विद्यार्थी एकदम येतात आणि तारखा मिळत नाहीत.

आणि पहिल्याच दिवशी टपालपेटीवर आपलं आडनाव लावा. पेटीवर नाव दिसलं नाही तर पत्र परत जातं. बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, सगळं तिथं पत्रानंच येतं. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचंही येईल, महिना १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून ते फेकू नका. वर्गणी दर घराला एक असते, त्यामुळं चौघं एका फ्लॅटमध्ये असाल तर एकानं भरायची आणि वाटून घ्यायची.

आता बॅग. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खवा, तूप घरीच राहू द्या. गूळ चालतो. कांदा-लसूण मसाला तर न्याच, पण त्यात एक गोष्ट आहे जी मी प्रत्येक आईला दोनदा सांगते. आपल्याकडं बऱ्याच घरी डंकावर मसाला करताना त्यात खसखस जाते, आणि विमान दुबई किंवा अबुधाबीवरून असेल तर खसखस तिथं अमली पदार्थाच्या कायद्यात येते. विमान बदलायला थांबलेल्या माणसालाही तो कायदा लागू असतो. म्हणून पोराचा मसाला वेगळा काढा, बिनखसखशीचा. तीळ आणि खोबरं थोडं वाढवलं की चवीला कमी पडत नाही. तयार गरम मसाल्याच्या पाकिटावरचा मजकूरही वाचून घ्या.

पांढऱ्या रश्शाला खसखस हवीच असेल तर जर्मनीत कुठल्याही दुकानात मिळते, पण ती निळसर काळी असते आणि रस्सा राखाडी होतो. मी भिजवलेले काजू वाटते आणि डब्यातलं नारळाचं दूध घालते. कोथिंबीर, हिरवी मिरची, डाळी टर्किश दुकानात बघा.

स्वयंपाकाच्या आधी छताकडं बघायची सवय लावा. तिथं धुराचा अलार्म असतो. मिरचीच्या फोडणीचा ठसका त्यालाही लागतो, आणि काही वसतिगृहांत अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. ते आले तर बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. खिडकी उघडी, शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा चालू, कॉरिडॉरचं दार बंद, आणि मसाला तेल कोमट असतानाच घाला.

रविवारी दुकानं बंद असतात, भाजी शनिवारी आणून ठेवा. घरी फोन करायलाही रविवारची सकाळच बरी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागं जातात आणि भारताशी वेळेचं अंतर साडेतीन तासांचं साडेचार होतं. तुम्ही सहाला खोलीवर येता तेव्हा घरी साडेदहा झालेले असतात, आई जागून बसते. तिला जागवू नका.

डिसेंबरात चारला अंधार पडतो. तेव्हा पोरं खोलीत गप्प बसून राहतात, आणि मला सगळ्यात काळजी याचीच वाटते. दुपारी अर्धा तास तरी उन्हात चाला, ऊन नसलं तरी उजेडात चाला. विद्यापीठाच्या खेळांचे वर्ग स्वस्त असतात. ज्यांना तालमीची सवय आहे त्यांनी पहिल्याच आठवड्यात नाव घालावं, जागा पटकन भरतात. मन फारच खचलं तर विद्यार्थ्यांसाठी मोफत समुपदेशन असतं आणि ते इंग्रजीतही मिळतं. जायला बिलकूल लाजू नका.

अभ्यासाचं एकच सांगते. वर्गात बसलात म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं होत नाही. बहुतेक ठिकाणी परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, मुदत सत्राच्या मधेच संपते आणि कोणी आठवण करून देत नाही. विद्यापीठाच्या पोर्टलवरची तारीख बघून पहिल्याच आठवड्यात मोबाईलमध्ये गजर लावून ठेवा.