अमेरिकेतील जुन्या निऑन पाट्या कशा पाहाव्यात

अमेरिकेतील जुन्या निऑन पाट्या पाहण्याचा बेत आखताना नकाशाच्याही आधी सूर्यास्ताची वेळ पाहावी. प्रत्येक पाटी एकाच दिवशी दोनदा पाहण्याजोगी असते. दिवसा रंगवलेला पत्रा, गंजलेले सांधे आणि काचनळ्यांची वळणे दिसतात, तर रात्री पत्रा नाहीसा होऊन केवळ प्रकाशाच्या रेघा उरतात. सूर्यास्तानंतरच्या सुमारे अर्ध्या तासात मात्र दोन्ही एकत्र दिसतात, म्हणून एका संध्याकाळी एकच गाव ठरवावे.

सुरुवातीला रूट 66 हा 1926 साली आखलेला, शिकागोहून सांता मोनिकापर्यंत जाणारा जुना महामार्ग निवडावा. नंतरच्या इंटरस्टेट (आंतरराज्य) द्रुतगती महामार्गांनी वाटेवरची गावे बाजूला टाकली आणि 1985 मध्ये या मार्गाचा अधिकृत दर्जाही संपला. इंटरस्टेटवरूनच गाडी हाकली तर काहीच दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक जुन्या गावापाशी तो सोडून गावाच्या मुख्य रस्त्याने जावे. न्यू मेक्सिकोतील टुकुमकारी येथे मुक्काम करणे उत्तम. तेथील 1939 सालच्या ब्लू स्वालो मोटेलमध्ये खोल्यांना लागूनच गाडी ठेवण्याची गॅरेजे आहेत. खोल्या मोजक्याच असल्याने आरक्षण आधी करावे.

पाटीजवळ गेल्यावर रंग वाचावा. निऑन वायूचा स्वतःचा रंग नारिंगी-तांबडा असतो. निळ्या अक्षरांत बहुधा आर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब असतो, तर इतर छटा रंगीत काचेतून किंवा नळीच्या आतील लेपातून येतात. पारा थंडीत नीट बाष्परूप होत नसल्याने कडाक्याच्या रात्री निळी अक्षरे मंद पडतात, तो बिघाड समजू नये. खरी पाटी आणि एलईडीची नक्कल ओळखण्याची माझी खूण सोपी आहे: खऱ्या पाटीत एकच नळी अनेक अक्षरांतून वळत जाते आणि दोन अक्षरांमधला तिचा भाग काळ्या रंगाने झाकलेला असतो. ट्रान्सफॉर्मरची बारीक गुणगुणही ऐकू येते; तेथे हजारो व्होल्टचा दाब असल्याने नळीला हात लावू नये.

या मार्गावरच्या इमारती मात्र सकाळच्या उन्हात पाहाव्यात, कारण त्या धावत्या गाडीतून लांबूनच नजरेत भराव्यात अशा बेताने बांधलेल्या आहेत. ॲरिझोनातील हॉलब्रूकच्या विगवाम मोटेलमध्ये काँक्रीटच्या शंकूंमध्ये खोल्या आहेत (आकार खरा टीपीचा, म्हणजे मूळ अमेरिकी लोकांच्या शंकूच्या आकाराच्या तंबूचा, नाव मात्र विगवामचे, म्हणजे त्यांच्या घुमटाकार झोपडीचे; जाहिरातीला एवढा काटेकोरपणा परवडत नसावा). टेक्सासमधील शॅमरॉकचे 1936 सालचे यू-ड्रॉप इन हे उंच मनोऱ्याचे एकेकाळचे पेट्रोल पंप आणि उपाहारगृह आर्ट डेको या भौमितिक सजावटीच्या शैलीचा सुरेख नमुना आहे.

शक्य असल्यास प्रवासाआधी एखादे संग्रहालय पाहावे. लास वेगासच्या निऑन म्युझियमचे स्वागतकक्ष म्हणजे वास्तुविशारद पॉल विल्यम्स यांनी आरेखित केलेली ला कोंचा मोटेलची 1961 सालची लॉबी आहे. सिनसिनाटीतील अमेरिकन साइन म्युझियममध्ये निऑनपूर्व पाट्यांपासूनचा क्रम लागतो. तरीही रस्त्यावरच्या पाटीची सर संग्रहालयातील पाटीला येत नाही, कारण तेथे तिच्यामागे खोली भाड्याने मिळत नाही.

छायाचित्र घेताना शटर एक साठांश सेकंद किंवा त्याहून संथ ठेवावे, नाहीतर प्रकाशाची लुकलुक अडचणीची ठरते. उजेडाचे मोजमाप नळीवरून करावे, म्हणजे अक्षरे पांढरी पडत नाहीत. अंगणात शिरण्यापूर्वी कार्यालयात परवानगी घ्यावी आणि पाटी किती वाजता लावतात व किती वाजता मालवतात, तेही तेव्हाच विचारून ठेवावे.