तापाच्या पेशंटचा टूडी इको: नुसत्या ईएफवर थांबू नका

मिरजेत माझ्याकडे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून बाहेर पडताना नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, ईएफ किती आला?" त्यांनी विचारावं, त्यात वावगं काही नाही. पण जत, आटपाडीकडून फोन करणारे तरुण डॉक्टरही तेवढंच विचारून फोन ठेवतात, तेव्हा मला राहवत नाही. ईएफ हा हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचा आकडा: दर ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं तो. व्हायरल न्यूमोनियात पेशंट कुठल्या वाटेने चाललाय हे बऱ्याचदा उजवा कप्पा आधी सांगतो.

२०२० मध्ये तेल अवीवला कोविडच्या १०० भरती पेशंटचे इको झाले. उजवा कप्पा बिघडलेला ३९ जणांत सापडला, डाव्याचं आकुंचन कमी झालेलं फक्त १० जणांत. फुप्फुसं सुजली, ऑक्सिजन घटला, गुठळ्या झाल्या की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब चढतो, आणि पातळ भिंतीच्या उजव्या कप्प्याला तो भार फार वेळ पेलवत नाही.

म्हणून सुरुवात उजवीकडून करा. पेशंटला डाव्या कुशीवर घ्या. धापेमुळे जमत नसेल तर उताणाच ठेवून बरगड्यांखालून बघा. फोर चेंबरमध्ये, म्हणजे हृदयाचे चारही कप्पे एकत्र दिसतात त्या दृश्यात, उजवा कप्पा स्क्रीनच्या मधोमध येईल असा प्रोब सरकवा. मोजायच्या आधी डोळ्यांनी बघा: उजवा डाव्याएवढा दिसला की सावध व्हा. बुडाशी ४१ मिलिमीटरच्या वर गेला तर तो फुगलेला आहे.

मग टॅप्सी, म्हणजे उजव्या कप्प्याच्या आकुंचनाचं माप. ट्रायकस्पिड झडपेच्या (उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) बाहेरच्या कडेवर एम-मोडची (एकाच रेघेवरची हालचाल दाखवणारी सोय) रेघ टाका आणि दर ठोक्याला ती कडा किती सरकते ते मोजा. १७ मिलिमीटरच्या खाली म्हणजे कप्पा दमलाय. रेघ कडेच्या हालचालीच्या दिशेतच हवी. ती तिरकी पडली की आकडा उगीच कमी येतो आणि चांगल्या पेशंटला आजारी ठरवून आपण मोकळे होतो. घाई करू नका, दोन-तीन ठोके मोजा.

त्यानंतर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब. ट्रायकस्पिडच्या गळतीचा वेग सेकंदाला ३ मीटर आला, तर वेगाचा वर्ग गुणिले चार, म्हणजे ३६ मिलिमीटर पारा. त्यात उजव्या कर्णिकेचा (वरच्या कप्प्याचा) दाब मिळवायचा. आयव्हीसी, म्हणजे खालून हृदयाकडे रक्त आणणारी मोठी शीर, २१ मिलिमीटरपर्यंत रुंद आणि श्वासासरशी निम्म्याहून जास्त मिटत असेल तर ३ धरा. फुगलेली आणि न मिटणारी असेल तर १५. अधलंमधलं असेल तर ८. पेशंट व्हेंटिलेटरवर असेल तर या मिटण्यावर भरवसा नको.

आता टॅप्सी आणि दाब हे दोन्ही आकडे एकत्र वाचा. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आले होते, ईएफ ६०, बोलणं व्यवस्थित. टॅप्सी १४, दाब ५०. टॅप्सी भागिले दाब, भागाकार ०.२८. हा भागाकार जितका खाली, तितका उजवा कप्पा दाबापुढे हरत चाललेला. मी वॉर्डात फोन करून त्यांना त्याच संध्याकाळी आयसीयूत घ्यायला सांगितलं आणि पायांच्या शिरा गुठळीसाठी तपासायला लावल्या.

मशीनमध्ये स्ट्रेनची (स्नायू ठोक्यागणिक किती टक्के आखडतो ते मोजण्याची) सोय असेल तर उजव्या बाहेरच्या भिंतीचा स्ट्रेन जरूर काढा. टॅप्सी ठीक असतानाही तो घसरलेला सापडतो.

जुना इको मागायला मात्र विसरू नका. आयुष्य चुलीच्या धुरापुढे गेलेल्या आजींचा उजवा कप्पा तापाच्या आधीपासूनच मोठा असू शकतो. भिंत ५ मिलिमीटरहून जाड असेल तर दुखणं जुनं असण्याची शक्यता जास्त. आणि एका इकोवर निकाल देऊ नका: ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी), ऑक्सिजन, बीपी शेजारी ठेवा, आणि यातलं काही बिघडलं की पुन्हा प्रोब लावा.

डावा कप्पा बघायचाच आहे. व्हायरसने थेट हृदयाच्या स्नायूला सूज आणली तर ईएफ पडतो, आणि हे तरुणांतही होतं. आपल्याकडे यात पैलवान पोरं असतात. सुटी देताना वस्तादांनाही समोर बसवा आणि स्पष्ट सांगा: ३ ते ६ महिने जोर-बैठका नाहीत, लढत नाही, आणि पुन्हा इको, ईसीजी, होल्टर (दिवसभराचा ईसीजी) नीट आल्याशिवाय जत्रेच्या मैदानात उतरायचं नाही.