रणगाड्याचं मॉडेल आणि घरचा लेथ: नळी वाकडी का येते? या चुका टाळा

१/३५ मापाच्या बहुतेक जुन्या किटमध्ये तोफेची नळी उभ्या दोन अर्ध्या भागांत येते. ते चिकटवून सांधा घासायला घेतला की गोलाई जाते आणि नळी किंचित चपटी दिसू लागते. या हौसेतले बरेच जण लेथकडे वळतात ते इथूनच. मग पहिली नळी कापतात, ती मधे फुगते किंवा टोकाला थरथरते, आणि दोष मशीनला दिला जातो. 'मिनी लेथमध्ये दम नाही, मोठा घ्यायला हवा.' माझं मत उलट आहे. या आकाराच्या कामात मशीन क्वचितच आड येतं. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरला कसा आणि कोणतं काम आधी केलं, तिथेच बहुतेक वेळा गडबड असते.

माप काढतानाच घसरणं

टायगर-१ ची तोफ ८८ मि.मी., एल/५६, म्हणजे लांबी भोकाच्या ५६ पट. ८८ गुणिले ५६, ४९२८ मि.मी., भागिले ३५, १४०.८ मि.मी. हिशोब चोख आहे, आणि तेवढी लांब नळी कापून मॉडेलला लावली की गाडी विचित्र दिसते. कारण हा आकडा तोफेच्या पूर्ण लांबीचा आहे, ब्रीचपर्यंतचा, म्हणजे गोळा भरतात त्या मागच्या टोकापर्यंतचा. त्यातला बराच भाग बुरुजाच्या आत असतो. बाहेर दिसणारी लांबी मँटलेटपासून (बुरुजाच्या तोंडावर तोफेभोवती असलेली ढाल) मोजायची, आणि ती आराखड्यावरून किंवा बाजूने घेतलेल्या फोटोवरूनच मिळते. भोकाच्या बाबतीत मात्र सरळ भागाकार चालतो. सेंच्युरियनच्या २० पौंडर तोफेचं भोक ८४ मि.मी., म्हणजे २.४, पॅटनच्या ९० मि.मी. तोफेचं २.५७; विजयंताच्या १०५ मि.मी.चं बरोबर ३.

दुसरी घसरण म्हणजे चुकीच्या नमुन्याची नळी. २० पौंडरच्या दोन नळ्या होत्या. 'ए' नळी साधी, 'बी' नळीवर मध्यावर धूर ओढणारा फुगीर भाग, ज्याला आपण सगळे इव्हॅक्युएटर म्हणतो. नाव एकच, रणगाडाही तोच, नळी वेगळी. १९७१ मध्ये बसंतरला लढलेली पूना हॉर्स रेजिमेंटची सेंच्युरियन करायची असेल तर त्याच गाडीचा फोटो समोर ठेवा. 'सेंच्युरियन' असं शोधून आलेला पहिला आराखडा घेऊ नका. हा फुगीर भाग प्रत्येक तोफेवर नळीशी एककेंद्री असतो असंही नाही. काही १०५ मि.मी. तोफांवर तो एका बाजूला सरकलेला असतो, म्हणून एक फोटो समोरून हवाच.

महाराष्ट्रातल्यांना यात एक सोय आहे. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये यातल्या बऱ्याच गाड्या प्रत्यक्ष बघता येतात. तिथे होणारी चूक म्हणजे अगदी जवळ उभं राहून मोबाइलच्या वाइड लेन्सने फोटो काढणं. जवळचं टोक मोठं येतं, लांबचं बारीक, आणि त्या फोटोवरून काढलेला टेपर, म्हणजे नळीचा निमुळतेपणा, खोटा निघतो. शक्य तितकं लांब जा, झूम करा, नळीच्या काटकोनात उभे राहा. जाड रंगाच्या थरांची काळजी मापासाठी करू नका. एक मिलिमीटर रंग १/३५ ला ०.०३ होतो, तो कुणाला दिसत नाही. रंगाच्या छटेवर मात्र भरवसा ठेवू नका.

धातू निवडताना

पितळ सुंदर कापलं जातं, म्हणून सगळे पितळाच्या मागे. पण ५ मि.मी. जाड, १३० मि.मी. लांब पितळी नळी साधारण २२ ग्रॅम भरते. तीच ॲल्युमिनियमची सात ग्रॅमच्या आत. किटचा बुरूज पॉलिस्टायरीनचा. पितळी नळी बसवली की तोफ खाली मान घालते आणि नळी वर-खाली करायची सोय संपते. माझा साधा नियम आहे: १/३५ मध्ये लांब नळी ॲल्युमिनियमची, मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा खिडक्यांचा भाग) आणि बारीक वस्तू पितळेच्या. १/१६ मध्ये बुरूजच धातूचा असेल तर काय हवं ते करा.

पितळ घेताना भंगारातली सळई नको. भांड्यांचं पितळ चिकट असतं, कीस तुटत नाही. मुंबईच्या गुलालवाडीत किंवा तुमच्या गावच्या धातूवाल्याकडे 'आयएस ३१९' म्हणून मागा, हे लेथसाठीच असतं. त्यात शिसं असतं, तेव्हा काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू नका. ॲल्युमिनियममध्ये ६०६३, बाजारात ज्याला एचई-९ म्हणतात, ते मऊ असतं आणि टूलच्या टोकाला चिकटतं. पृष्ठभाग ओरखडल्यासारखा आला तर टूल बदलण्याआधी टोकाकडे भिंग लावून बघा. बहुतेक वेळा तिथे धातूचा एक कण बसलेला सापडतो. थोडं रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० लावलं की तो प्रश्न मिटतो.

नळीला पोट का सुटतं

या सगळ्या लेखातली मुख्य गोष्ट हीच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

५ मि.मी. जाडीची पितळी सळई चकमधून (जबड्यांनी सळई धरून फिरवणारा भाग) ६० मि.मी. बाहेर काढा आणि टोकावर एक किलोचा दाब द्या. ती जवळपास पाव मिलिमीटर वाकते. हीच सळई १२० मि.मी. बाहेर असेल तर वाक दुप्पट होत नाही, आठपट होतो. उलट जाडी निम्मी केली तर सोळापट. ॲल्युमिनियम याहून जास्त वाकतं, पोलाद निम्मंच. टूल जॉबला ढकलतं, जॉब मागे सरतो, आणि जितका मागे सरला त्याच्या दुप्पट व्यास जास्त उरतो. डायलवर आकडा बरोबर, मायक्रोमीटरवर चूक.

त्यामुळे बिघाड शोधताना आधी नळी तीन ठिकाणी मोजा.

टेलस्टॉकचा, म्हणजे चकसमोरून सळईचं दुसरं टोक टेकवणाऱ्या भागाचा, आधार नव्हता आणि मोकळं टोक जाड आलं, तर जॉब वाकत होता. आधार होता आणि मध्य जाड आला, तरी वाकतच होता, फक्त आता दोन्ही टोकं धरलेली असल्यामुळे पोट मधे आलं. आधार असूनही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखा उतार आला, तर वाकण्याचा संबंध नाही. टेलस्टॉकचा सेंटर (टोकदार टेकू) रेषेबाहेर गेला आहे. लहान लेथवर टेलस्टॉकचे बोल्ट सैल करून घट्ट करताना तो सरकतोच.

वाकण्यावर लोक करतात तो उपाय म्हणजे अगदी हलके, केसाएवढे कट घेत बसणं. त्याने उपयोग कमी, कारण बोथट टूल इतक्या बारीक कटला कापत नाही, घासतं, आणि घासताना जास्त ढकलतं. खरा उपाय कामाच्या क्रमात आहे. ५ ची सळई न घेता ८ ची घ्या. टोक फेस करा (सपाट कापा), सेंटर ड्रिल मारा, मझलचं भोक पाडा आणि त्या भोकाच्या तोंडावरच फिरता सेंटर टेकवा. मग मझलकडचा साधारण २५ मि.मी.चा तुकडा पूर्ण मापाला आणा. तो झाला की त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा. टूल जिथे कापतंय तिथून चकपर्यंतची सळई नेहमी ८ ची, ताठ राहते. सगळी लांबी एकदम ७, मग एकदम ६, असं करत गेलात की शेवटच्या कटला तुम्ही शेवई कापत असता. टेलस्टॉक मात्र हलका टेकवा. बारीक झालेलं टोक जोरात दाबलं की नळी धनुष्यासारखी होते आणि मध्यातला भाग टूलवर आपटतो.

धूर ओढणारा फुगीर भाग सळईतूनच काढायचा अट्टहास नको. वेगळी बाही करून नळीवर सरकवा. एककेंद्री नसेल तर बाहीला भोक बाजूला पाडायचं, संपलं.

टेपरच्या दोन पद्धती आणि दोन्हीतल्या खोडी

समजा १०० मि.मी. लांबीत नळी ५ वरून ३.९ वर येते. कोन निघतो ०.३ अंश. कंपाउंड स्लाइडवर (टूल धरणारा, कोनात फिरवता येणारा भाग) खुणा एकेका अंशाच्या, तेव्हा डोळ्यांनी ०.३ लावणं ही निव्वळ कल्पना. चकमध्ये सरळ, गोल पोलादी सळई धरा, टूलपोस्टवर डायल गेज लावा आणि कंपाउंड ५० मि.मी. सरकवा. काटा ०.२७५ फिरला पाहिजे. तेवढा फिरेपर्यंत हलकेच ठोकत राहा. लहान लेथच्या कंपाउंडची चाल बहुतेक वेळा ५० मि.मी.च्या आसपास संपते, पण तुकड्या-तुकड्याने काम करताना ती अडचण राहत नाही.

दुसरी पद्धत टेलस्टॉक सरकवण्याची. दोन सेंटरमध्ये १५० मि.मी.चा जॉब असेल तर वरच्या टेपरसाठी ०.८२५ मि.मी. सरकवावा लागतो. इथे हमखास चूक होते ती अशी की जॉबचं दुसरं टोक चकच्या जबड्यांत आवळलेलं असतं. जबडे एका रेषेत धरतात, टेलस्टॉक दुसऱ्या. नळी फिरताना दर फेऱ्याला वाकते. ही पद्धत वापरायची तर दोन्हीकडे सेंटर आणि फिरवायला कॅरिअर, नाहीतर तिच्या वाटेला जाऊ नये.

मला स्वतःला तिसरी, जुनी आणि थोडी गावठी पद्धत आवडते. दर ५ मि.मी.ला व्यास ०.०५५ ने कमी करत पायऱ्या पाडायच्या. काळ्या मार्करने सगळी नळी रंगवायची. मग लेथ फिरता ठेवून बारीक कानस लावायची. आधी पायऱ्यांचे कोपरे चमकतात, काळ्या कड्या अरुंद होत जातात. प्रत्येक पायरीच्या आतल्या कोपऱ्यात दोऱ्याएवढी काळी रेघ उरली की कानस थांबवा आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर घ्या. एखाद्या पायरीची रेघ बाकीच्यांच्या आधी गेली तर ती पायरी जाड राहिली होती, हेही तिथेच कळतं.

भोक एका बाजूला गेलं

मझलचा बाहेरचा व्यास ३.६ आणि भोक २.४ असेल तर भिंत ०.६ ची. थ्री-जॉ (तीन जबड्यांच्या) चकमध्ये ०.०५ ते ०.१ चा रनआउट, म्हणजे फिरताना डगमगणं, सर्रास असतो. नळी काढून उलटी धरली आणि भोक ०.१ ने सरकलं, की एका बाजूला भिंत ०.७, दुसऱ्या बाजूला ०.५. एवढा फरक डोळ्याला लगेच दिसतो, कारण बघणारा नेमका समोरूनच नळीत डोकावतो. म्हणून भोक आणि बाहेरचं टोक एकाच सेटिंगमध्ये. उलटं धरावंच लागलं तर कोलेट (सळई सगळीकडून सारखी धरणारी बाही), किंवा फोर-जॉ (चार जबड्यांचा चक) आणि डायल गेज. भोक १०-१२ मि.मी. खोल पुरे, पूर्ण आरपार कशाला?

ड्रिल पितळात अचानक ओढलं जाऊन अडकत असेल तर त्याची धार पितळासाठी फार तीक्ष्ण आहे. बारीक ऑइलस्टोनने कापणाऱ्या कडेवर एक चपटी रेघ घासा. ड्रिल खेचणं थांबतं.

मझल ब्रेकच्या खिडक्या पाडल्यावर आत बर (कापताना उरलेली धातूची खरखरीत कड) राहतो आणि तो काढताना कडा विद्रूप होतात. २.५ चं भोक हवं असेल तर आधी २.३ चं पाडा, खिडक्या करा, आणि शेवटी हाताने २.५ चं ड्रिल फिरवा. बर त्याच्याबरोबर निघून येतो.

टूलची उंची आणि वेग

२० मि.मी.च्या जॉबवर टूल ०.२ ने खाली असलं तर फारसं बिघडत नाही. ३ मि.मी.वर बिघडतं. फेसिंगनंतर मधे ०.४ चा टिंब राहतो आणि बारीक व्यास डायलशी जुळत नाहीत. तपासायला पातळ स्टील पट्टी जॉब आणि टूलच्या टोकामध्ये हलकी दाबा. पट्टी उभी राहिली तर टूल सेंटरला आहे. पट्टीचं वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली, पलीकडे झुकलं तर वर.

वेगाला लोक उगाच घाबरतात. ५ मि.मी. पितळाला मिनिटाला ६० मीटर वेग द्यायचा तर ३८०० फेरे लागतात, आणि मिनी लेथ साधारण २५०० ला थांबतो. म्हणजे बारीक कामात पूर्ण वेगच द्या, फक्त चक नीट आवळलेला असू द्या. लांब बाह्या, हातमोजे, मनगटातला दोरा, कडं, अंगठी हे सगळं आधी काढून ठेवायचं. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून नळीभोवती धरायचा नाही, त्याची दोन टोकं दोन हातांत मोकळी हवीत.

स्प्रॉकेटचा शेवटचा दात

टी-५५ च्या जुन्या पद्धतीच्या साखळीला १३ दातांचं स्प्रॉकेट (साखळी ओढणारं दातेरी चाक), नंतरच्या रबर बुशवाल्या साखळीला १४ दातांचं. आधी साखळी कोणती ते ठरवा. १४ फारसे छळत नाहीत, १३ छळतात. ३६० भागिले १३, २७.६९ अंश. दर वेळी 'साधारण २८' पुढे सरकणाऱ्याचा शेवटचा दात बारीक येतो, कारण बारा सरकण्यांत जवळजवळ चार अंश जास्त गेलेले असतात. रोटरी टेबल असेल तर सुरुवातीलाच कागदावर एकूण कोन लिहून काढा: ०, २७.६९, ५५.३८, ८३.०८, असं ३६० पर्यंत, आणि प्रत्येक दात शून्यापासूनच मोजा. ४० ला १ चं डिव्हायडिंग हेड (हँडलचे ४० फेरे, जॉबचा एक) असेल तर आणखी सोपं. ३९ भोकांच्या वर्तुळावर तीन पूर्ण फेरे आणि तीन भोकं. हँडल कायम एकाच दिशेने फिरवा. पुढे गेलात तर तेवढंच मागे येऊ नका, अर्धा फेरा मागे जाऊन परत पुढे या, नाहीतर बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली ढिलाई, त्या एका दातात उतरतो.

स्प्रॉकेटची पातळ चकती धरायला जबडे वापरले की ती वाकते. पितळी मँड्रेलच्या (जॉब बसवायची सळई) सपाट तोंडावर सुपरग्लूने चिकटवा, काम झालं की गरम करा, सुटते. गरम करताना खिडकी उघडी हवी. तो धूर डोळ्यांना झोंबतो.