कामाला लावण्याआधी एसटी शिकवा

माझा धाकटा बावीस वर्षांचा आहे. तो स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे आणि वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यात ग्रेडिंगच्या टेबलावर बसतो. दहावी झाल्यावर मी त्याला जमेल असं काम शोधत फिरले. काम त्याला जमतच होतं. अडत होतं ते बाकीच्यात: एसटी, डबा, संडासला विचारून जाणं, लाईट गेली तर काय करायचं. ते शिकवण्यात दीड वर्ष गेलं. तुमचं मूल आठवी-नववीत असेल तर आजच सुरुवात करा.

कागदांचं थोडक्यात सांगते. युडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता त्यात येतात. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण हवं तर प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. मूल अठराचं झालं की कायद्याने सज्ञान होतं. स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला पुढेही पालकत्वाची गरज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. गरज नसेल तर करू नका. सही त्याची त्यालाच करू दे.

आता काम कसं ओळखायचं. मुलाला 'तुला काय व्हायचंय' असं विचारून आमच्या घरात काही हाती लागलं नाही. एप्रिलमध्ये त्याच्या मामाकडे आंबे भरायचं काम चाललं होतं, तेव्हा हा न सांगता पेटीतली फळं आकाराप्रमाणे लावत बसला. दोन तास उठला नाही. तिथून काजू सुचला. काजूगराची प्रत आकारावर ठरते: डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०, गर लहान. अख्खे वेगळे, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. माझ्या डोळ्यांना जो फरक दिसत नाही, तो त्याचा हात ओळखतो. मात्र बी फोडायच्या जागी त्याला बसवू दिलं नाही. टरफलातलं तेल कातडी भाजतं आणि हातमोजे तो ठेवत नाही. चंचल मुलाला बसकं काम देऊ नका, त्याला माल उचलण्या-पोचवण्याचं द्या.

मालकाशी बोलताना मी पहिल्यांदा चुकले. 'जरा वेगळा आहे, सांभाळून घ्या' म्हटलं. त्या पहिल्या जागी, आताच्या कारखान्यात नव्हे, त्याला दोन महिने चहा-वडापाववर राबवलं. वर 'बसू दे की, वेळ जातो त्याचा' हे ऐकून घेतलं. आजही संताप येतो. दुसऱ्या ठिकाणी कागदावर लिहून नेलं. एका वेळी एकच काम सांगा. तोंडी सांगण्यापेक्षा करून दाखवा. 'जरा आवर' म्हणू नका, 'हे तीन ट्रे त्या मांडणीवर ठेव' म्हणा. बदल असेल तर आदल्या दिवशी सांगा. मशीनच्या आवाजाला कानावर लावायचे मफ आम्ही आणतो. आणि शेवटी: इतरांना जी मजुरी, तीच याला. हे विचारताना लाजू नका.

सुट्टीच्या दिवशी रिकामा कारखाना दाखवला. मग रोज दोन तास, मी शेजारी. पंधरा दिवसांनी मी दारात, महिन्याने एसटीच्या थांब्यावर. मागे सरकणं मला जड गेलं, त्याला नाही.

एके दुपारी लाईट गेली. तो कान दाबून टेबलाखाली गेला. शेजारच्या मावशी खाली वाकल्या, हात लावला नाही, एवढंच म्हणाल्या, "झिला, लाईट गेली हा. जनरेटर लागतलो. साठ मोज." तो मोजत राहिला. चाळीसाच्या आसपास दिवे आले, तरी त्याने साठ पुरे केले आणि मगच वर आला. हे मी मावशींना शिकवलं नव्हतं. पण असं एक माणूस कामाच्या जागी हेरून ठेवा, त्यांना सगळं सांगा, आणि दिवाळीला त्यांच्या घरी फराळ घेऊन जा.

एसटीचं शिकवणं सगळ्यात लांबलं. पाटीचा फोटो काढून दिला, रोज तीच खिडकी, तेच सुट्टे पैसे. पण पावसात गाडी रद्द झाली की तो तासन्‌तास थांब्यावर उभाच. म्हणून खिशात एक कार्ड दिलं: 'पावणेनऊपर्यंत गाडी आली नाही तर आईला फोन. फोन लागला नाही तर दुकानात जाऊन बस.' त्या दुकानदारांनाही आधी सांगून ठेवलं होतं. कार्ड लॅमिनेट करून घ्या, दोन करा. आमचं पहिलं जूनच्या पहिल्याच आठवड्यात भिजून गेलं.