साठीनंतरची जुनी कंबरदुखी: या चुका टाळा

"मणक्यात गॅप आलाय, आता वाकायचं नाही." एवढ्या एका वाक्यानं पुण्यातल्या कितीतरी आज्या घरात बसतात. पण साठीनंतर ज्यांचं काहीच दुखत नाही, अशा बहुतेकांच्या एमआरआयतही झीज दिसते. तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यात झीज हे एकच कारण क्वचितच असतं. कंबरेची धास्ती, अपुरी झोप, पतीच्या माघारी आलेलं एकटेपण यांनीही कळ वाढते. म्हणून ती खोटी ठरत नाही. "मनाचे खेळ" म्हणून तिला उडवून लावणं ही घरच्यांची चूक.

सगळ्यात महागात पडते ती "बरं वाटतंय तोवर उरकून घेऊ" ही सवय. सकाळी माळा आवरायचा, दुपारी चकल्या पाडायच्या आणि पुढचे तीन दिवस आडवं पडायचं. पडून राहिल्यानं स्नायू सैल पडतात, धास्ती वाढते, मग थोड्याशा कामानंही कळ उठते. ओट्याशी 15 मिनिटं झाली की दुखत नसलं तरी बसा. दुखेपर्यंत थांबू नका, घड्याळ बघा.

चालण्याचंही तेच. सारसबागेत दुखणं न वाढता तीन दिवस 8, 10, 12 मिनिटं चालता आलं, तर सुरुवात 8 पासून. दर तीन-चार दिवसांनी एक मिनिट वाढवा. जोडीला खुर्ची भिंतीला टेकवून, पावलं जरा मागे घेऊन, हाताचा आधार न घेता पाच वेळा उठा-बसा, दिवसातून दोनदा. उठवत नसेल तर खाली उशी घालून बैठक चार बोटं उंच करा. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे भरून आले तर घाबरू नका.

पट्टा दिवसभर बांधू नका. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना मनानं वेदनाशामक घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो.

हाडं ठिसूळ असतील तर पादहस्तासन, पश्चिमोत्तानासन टाळा, पुढे वाकताना मणका दबून मोडू शकतो. रिक्षाच्या एका धक्क्यानं जोराची कळ आली किंवा उंची चार सेंटिमीटरनं घटली, तर एक्स-रे आणि डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या) तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा.

ताप, कारणाशिवाय घटणारं वजन किंवा रात्री पडूनही न थांबणारी कळ असेल तर लवकर दाखवा. लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायची जागा बधिर झाली, पायातलं बळ गेलं, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.