लाकडी स्पिटफायर: पंखांची जोडणी न बिघडवता स्केल मॉडेल कसे करावे

लाकूड कोरून विमान करताना बहुतेक जण सगळा जीव फ्युजलाज, म्हणजे विमानाचे अंग, गोल करण्यात ओततात आणि पंख शेवटी दोन्ही बाजूंना चिकटवून मोकळे होतात. तसाच सल्लाही सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. अंग एकदा गोल झाले की माप धरायला एकही सरळ कड उरत नाही, आणि मग एक पंख वर, एक खाली हे ठरलेलेच. पंखांची खाच ठोकळा चौकोनी असतानाच काढायची.

स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश लढाऊ विमान. त्याच्या मार्क १ या प्रकाराचा पंखविस्तार ११.२३ मीटर, लांबी ९.१२ मीटर. १:४८ या प्रमाणात हे २३४ मिमी आणि १९० मिमी होतात. आराखडा छापला की आधी त्यावर पट्टी लावा, कारण ‘पानात बसवा’ हे सेटिंग चालू असेल तर प्रिंटर चित्र लहान करून मोकळा होतो.

लाकूड बासवुड किंवा जेलुटाँग, अशी कोरीवकामाची मऊ लाकडे घ्या. बाल्सा कोरायला सोपे, पण नखानेसुद्धा खळगा पडतो आणि पंखाची मागची कड टिकत नाही. सागवान टाळाच. ते तेलकट असते, छिद्रे उघडी असतात, ग्लू आणि रंग दोन्ही कुरकुरतात.

फ्युजलाजसाठी दोन सारख्या फळ्या चिकटवून ठोकळा करा. मधली ग्लूची रेघ हीच शेवटपर्यंत तुमची मध्यरेषा. पेन्सिलीची रेघ पहिल्या पॉलिश पेपरला पुसली जाते. बाजूने दिसणारा आकार करवतीने कापा, वरून दिसणारा आकार फक्त आखून ठेवा.

खाच आणि पंख

स्पिटफायरचा पंख मुळाशी, म्हणजे अंगाला लागतो तिथे, २ अंश वर रोखलेला असतो, म्हणजे पुढची कड मागच्या कडेपेक्षा उंच. मुळाशी पंखाची रुंदी ५३ मिमी येते, तेवढ्या अंतरात हा फरक जेमतेम २ मिमी. दिसायला क्षुल्लक, पण तो सोडला तर पंख अंगावर चुकीच्या कोनात बसतो. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंवर ही तिरकी रेघ आखा, गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) एका बाजूची रेघ दुसरीकडे न्या, करवतीने दोन्ही टोकांना काप द्या आणि मधले लाकूड पटाशीने काढा. दोन्ही बाजूंनी मध्याकडे काढत या. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडची कड फुटते.

पंख तीन तुकड्यांत करा: मधला सपाट तुकडा फ्युजलाजच्या रुंदीचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पंख. मधला तुकडा २० मिमी धरला तर प्रत्येक पंख १०७ मिमी. डायहेड्रल, म्हणजे पंख मुळापासून टोकाकडे वर चढतो तो कोन, ६ अंशांचा, म्हणून टोक ११ मिमी वर जायला हवे. मुळाचा तिरका काप फळी सपाट असतानाच घ्या. टोकाखाली ११ मिमीचा ठोकळा ठेवा, मूळ टेबलाच्या कडेवर आणा आणि पॉलिश पेपर लावलेली फळी उभी धरून घासा. कोन आपोआप अचूक येतो, कोनमापकाची गरज नाही.

मग पंख निमुळता करायचा: मुळाशी ७ मिमी जाडी, टोकाला २ मिमी. इथेच बहुतेकांचे गणित चुकते. तळ सपाट ठेवून सगळे लाकूड वरून काढले तर टोकाचा मध्य अडीच मिमी खाली येतो, आणि ६ अंशांचे पावणेपाचच उरतात. समोरून पाहिले की विमान मरगळलेले दिसते आणि कारण काही केल्या सापडत नाही. फळीच्या पुढच्या व मागच्या कडेवर मध्यरेघ मारा आणि वरून-खालून सारखेच लाकूड काढा. जोडताना टोकाखाली ११ नव्हे, साडेतेरा मिमीचा ठोकळा हवा, कारण तळही आता अडीच मिमी वर गेलेला असतो.

मुळाशी लाकडाचे रेषे कापलेले असतात आणि ते ग्लू पिऊन टाकतात. नुसते चिकटवलेले पंख पहिल्याच धक्क्याला सुटतात. आधी पातळ ग्लूचा एक हात देऊन वाळू द्या. मग प्रत्येक बाजूला दीड मिमी पितळी तारेचे दोन तुकडे, ६ अंशांत वाकवून, पंखात १५ मिमी आणि मधल्या २० मिमीच्या तुकड्यात ८ मिमी आत. ग्लू म्हणून अर्ध्या तासात धरणारा इपॉक्सी वापरा. झटपट चिकटणाऱ्या ग्लूला इथे हात लावू नये. तो पंख सरळ करायला उसंतच देत नाही.

आता पंख खाचेत न चिकटवता बसवा. न ताणणारा दोरा घेऊन शेपटीच्या टोकापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंतची अंतरे जुळवा. मध्यरेषा उभी ठेवून टेबलापासून दोन्ही टोकांची उंची मोजा. १ मिमीचा फरकसुद्धा समोरून डोळ्यांत भरतो. जे टोक खाली, त्या बाजूची खाच आतून खरवडा. पंख पिळून जुळवू नका, तो पुन्हा मूळ जागी येतो आणि ग्लू तडकतो.

उरलेले काम

पंख काढून ठेवा आणि खाचेत टाकाऊ लाकडाचा ठोकळा ठोकून बसवा, नाहीतर कोरताना तिच्या कडा उडतात. आधी वरून दिसणारा आकार, मग कोपरे मारून आठ बाजू, मग सोळा, मग पुठ्ठ्याचे साचे लावत गोलाई. पॉलिश पेपर सर्वांत शेवटी. त्याने आकार घडवायला गेलात तर अंग लाटांसारखे होते.

शेपटीचे आडवे पंख सपाट, त्यांना डायहेड्रल नाही. सगळे चिकटवून झाले की पंख आणि अंगाच्या सांध्यात इपॉक्सी पुटी भरा, ओल्या बोटाने अंतर्गोल करा.

सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रे बुजवणाऱ्या द्रवाचे) तीन-चार हात, प्रत्येक हातानंतर ३२० चा, शेवटी ४०० चा पेपर. मग राखाडी प्रायमर मारा आणि दिवा बाजूने धरून सांधा पाहा. पुटीच्या कडेला बारीक पायरी दिसली तर तिथे पुन्हा पुटी द्या. रंगाचा जाड थर देऊन ती पायरी झाकली जात नाही, उलट उठून दिसते.