लोकलमध्ये चटपटीत कादंबरी कशी वाचावी

नवीकोरी विकत घेऊ नका. फ्लोरा फाउंटनला नाहीतर माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला फुटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे ढीग चाळा. सोनेरी उठावदार अक्षरं आणि लांब कानातल्यातली बाई दिसली की समजा, हेच. परदेशी थाट हवा तर जॅकी कॉलिन्सची ‘हॉलिवूड वाइव्ह्ज’ (१९८३). मुंबईचाच हवा तर शोभा डे. बाई ‘स्टारडस्ट’ या फिल्मी गॉसिपच्या मासिकाच्या संपादक होत्या, त्यामुळे ‘सोशलाइट इव्हिनिंग्ज’मधल्या (१९८९) पार्ट्या ऐकीव वाटत नाहीत. शेवटची पानं मात्र तिथेच उभं राहून तपासा. जुन्या पुस्तकांची नेमकी तीच गळालेली असतात, आणि नटीचं अखेर कुणाशी जमलं ते कळलं नाही तर झोप लागत नाही.

मग कव्हर घाला. कालनिर्णयचं उलटून गेलेलं पान उत्तम. मागचा मजकूर बाहेर ठेवायचा, म्हणजे लेडीज डब्यात शेजारची बाई राशिभविष्य वाचत बसते आणि तुमच्या पुस्तकात डोकावत नाही.

सगळं वाचायचं नसतं. पडद्यांची, परफ्यूमची वर्णनं बिनधास्त उडवा; भांडणं मात्र सावकाश, चवीने. पात्रं बख्खळ असतात. मी जुन्या पासाच्या पाठीवर कुणाचं कुणाशी ते बाण काढून ठेवते. ही नटी म्हणजे खरी कोण, हा वाद डबा खाताना मैत्रिणींशी घालावा. एकटीने त्यात मजा नाही.

वाचून झालं की फुटपाथवाल्याला परत द्या, बरेच जण निम्म्या किमतीत घेतात. कव्हर तेवढं काढून ठेवा, पुढच्या पुस्तकाला होतं.